धावपट्टीची राखण

शेळगावच्या शिवारात ज्वारीचे दाणे भरू लागले की माळ्यावर गोफण चढते. दिवसभर आरोळ्या, गोफणीचे फटकारे आणि या कणसावरून त्या कणसावर उठणारी पाखरं. पुण्याच्या लोहगाव तळावर हवाई दलाला पाखरांपासून धावपट्टीची हीच राखण बारा महिने करावी लागते, हे कळल्यापासून हा विषय माझ्या मनातून जात नव्हता. तिथे चुकलेल्या राखणीचं नुकसान पायलीने मोजता येत नाही.

लोहगावचा तळ इंग्रजांनी १९३९ साली उभारला. १९९७ मध्ये रशियाहून आलेली पहिली सुखोई-३० विमानं इथेच दाखल झाली. आज प्रवासी विमानंही त्याच धावपट्टीवरून उडतात.

विमानाला धडकणारा पक्षी हलका असला तरी विमान वेगात असतं, आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. सुखोईच्या इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी जाळी असते, पण ती जमिनीवरच्या खडे-कचऱ्यासाठी. विमान उडालं की ती मागे सरकते. बहुतेक धडका होतात त्या उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी, कमी उंचीवर. अलास्कातल्या एल्मेंडॉर्फ तळावर २२ सप्टेंबर १९९५ रोजी उडणाऱ्या टेहळणी विमानाच्या इंजिनांत हंसांचा थवा शिरला. आतले चोवीसही जण गेले.

धावपट्टीच्या राखणदाराजवळ फटाके असतात, भोंगे असतात, आणि गॅसची तोफ. मला सगळ्यात कुतूहल या तोफेचं. सिलिंडरमधला गॅस तिच्या पोटात भरतो, ठिणगी पडते, नळीतून नुसता आवाज बाहेर पडतो. गोळा नाही, छर्रा नाही. पहिल्या दिवशी सगळं रान उठतं. ती त्याच जागी, त्याच अंतराने वाजत राहिली की थोड्याच दिवसांत पाखरं तिच्या शेजारी टिपू लागतात. बुजगावण्याच्या डोक्यावर बसणारा कावळा आपण पाहिलेलाच आहे. जे पक्षी लढाऊ विमानांच्या गर्जनेत पिल्लं वाढवतात, त्यांना निव्वळ आवाज किती दिवस भिववणार? म्हणून तोफेची जागा बदलायची, वेळ बदलायची, आणि प्रत्येक पाखराचा स्वभाव ओळखायचा. टिटवी ओरडत उठते आणि फिरून तिथेच येते, कारण तिची अंडी उघड्या खडीत असतात. गवत कापलं की उघड्या पडलेल्या किड्यांवर गायबगळे उतरतात. ब्रिटनच्या हवाई दलाने गवत पंधरा-वीस सेंटिमीटर उंच ठेवून पक्षी कमी केले. आपल्याकडे उंच गवतात उंदीर, साप आणि किडे माजतात. या कामात मला दिसलेली सगळ्यात चिवट अडचण हीच.

घारीची गोष्ट निराळी. तिला धावपट्टीशी काही देणंघेणं नाही. तिचं अन्न तळाच्या भिंतीबाहेर असतं.

पक्षी भिंतीबाहेरच्या अन्नासाठी येतात, हे आपल्याला फार पूर्वी सांगून झालं आहे. १९८०च्या दशकात पक्षितज्ज्ञ सालीम अली आणि रॉबर्ट ग्रब यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे देशातल्या विमानतळांभोवतीच्या पक्ष्यांचा अभ्यास केला. तेव्हा मोठा धोका गिधाडांचा होता, आणि त्यांना बोलावत होती उघड्यावर टाकलेली मेलेली जनावरं. पुढे गुरांना देण्यात आलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडंच जवळजवळ संपवली. आकाशातला एक धोका असा टळावा, याचं मला दुःख आहे. मांसाचे तुकडे मात्र उघड्यावर पडतच राहिले आणि त्यावर घारी जगल्या.

विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जनावरं कापायला आणि कचरा टाकायला विमान नियमांनीच बंदी घातली. लोहगावभोवती तेवढं वर्तुळ काढलं तर त्यात येरवडा, खराडी, वाघोली, धानोरी येतात. कल्याणीनगरजवळचं सालीम अलींच्याच नावाचं पक्षी अभयारण्यही येतं. नदीकाठच्या त्या झाडीला दोष देणं मला मान्य नाही. तिथले पक्षी निसर्गाने आणले, कचऱ्यावरच्या घारी आपण आणल्या.

तळ आधीचा, भिंतीलगतची बहुतेक वस्ती नंतरची. विमानांच्या आवाजाने लहान मुलं दचकतात, बोलणं अर्ध्यावर तुटतं; भिंतीलगत राहणाऱ्यांचं हे गाऱ्हाणं खरं आहे आणि ते ऐकलं गेलंच पाहिजे. पण त्याच वस्तीच्या कोपऱ्यावर कोंबडीच्या दुकानाची पिशवी उघड्यावर पडते. आत हवाई दलाची सत्ता, बाहेर महापालिकेची. लोहगावचा पालिकेबाहेर उरलेला भाग २०१७ मध्ये पालिकेत आला. राखणदाराला भिंतीबाहेरचा उकिरडा उचलता येत नाही. ऊन तापून हवा वर चढू लागली की घारी तिच्यावर तरंगत उंच जातात, विमानांच्या वाटेपर्यंत. त्याआधी, भल्या सकाळी, मटण-कोंबडीच्या दुकानांचा कचरा झाकलेल्या गाडीतून रोज उचलला गेला पाहिजे, आणि ते काम पालिकेचं आहे.