शेजारधर्म (लेखांक ४) : चाळीची सामाईक वाट

गावकीतल्या शेजाराचा विचार मागील लेखांकात झाला. आता महानगराकडे वळणे क्रमप्राप्त आहे. शहरात माणूस माणसाला पारखा होतो हा समज आपल्याकडे इतका रूढ झाला आहे, की ज्या मुंबईने शेजाराचा एक स्वतंत्र आचार घडविला, तिच्याकडे त्या दृष्टीने आपण क्वचितच पाहतो.

१९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे ज्या चाळी उभारल्या, त्यांत तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या लांब वाटेच्या दुतर्फा वीस खोल्या, आणि खोलीचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस फूट. सरकारी दप्तरी ही केवळ कामगारांच्या निवाऱ्याची तजवीज होती. परंतु खोलीत न मावणारे आयुष्य त्या वाटेवर आले. धान्य निवडणे, मुलांचा अभ्यास, रात्रपाळीहून परतलेल्याची विचारपूस, आजाऱ्याची शुश्रूषा ही सारी तेथेच होऊ लागली, आणि नित्याच्या वहिवाटीने परक्यांचे नाते जडले. शौचकूपही सामाईक असल्यामुळे तंटे झाले, स्त्रियांना एकांत मिळाला नाही, हेही तितकेच खरे. त्या अडचणींचा गौरव करणे हा तेथे राहिलेल्यांवर अन्याय होईल.

या सहवासाला संस्थेचे रूप उत्सवांनी दिले. गिरगावातील केशवजी नाईक चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे. वर्गणी गोळा करणे, तिचा जमाखर्च चारचौघांपुढे ठेवणे, मतभेद असूनही मांडव उभा करणे, या कामांत जे शिक्षण मिळते ते व्याख्यानांतून मिळत नाही, असे माझे मत आहे. धोबीतलाव परिसरातील गोवेकरांच्या कुडांनीही असेच कार्य केले: गावाच्या नावाने चालणाऱ्या त्या निवासांत बोटीवर चाकरी करणाऱ्या खलाशाला दोन सफरींमधला आसरा आणि आपली माणसे मिळत.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हा त्यांचा हक्कच होता, आणि त्याचा आनंद निर्भेळ आहे. मात्र उद्वाहनातून थेट आपल्या दारी पोहोचणाऱ्या माणसाला शेजारी सहज भेटत नाही. त्या भेटीची जागा आता बुद्धिपुरस्सर निर्माण करावी लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेत सभासदाला बोलण्याचा व मताचा अधिकार आहे. तो केवळ देखभाल-खर्चाच्या वादासाठी वापरला जावा, हे खेदकारक आहे.

वाचकांनी आपल्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत निदान एक ठराव मांडावा: तळमजल्यावर वृद्धांसाठी बाके ठेवावीत, आणि आवारात मुलांना खेळण्यास मनाई करणारी पाटी असल्यास ती उतरवावी.