डोळ्यांचा ताण आणि मनाचा ताण

पुण्याच्या सदाशिव पेठेंत स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांसाठीं अनेक अभ्यासिका आहेत. त्यांपैकीं एखादींत तिसऱ्या प्रहरीं बसलेल्या एका विद्यार्थ्याची कल्पना करावी. परीक्षा महिन्यावर आली आहे. सकाळपासून पुस्तक, मोबाइल आणि संगणक यांवांचून त्याची नजर कोठें गेलेली नाहीं. किती वाजले हें पाहण्यासाठीं तो मान वर करतो, तों समोरच्या भिंतीवरील घड्याळाचे कांटे धुरकट दिसतात. तो डोळे चोळून पुन्हां पाहतो. कांहीं क्षणांनीं कांटे स्पष्ट होतात. पण पुस्तकाकडे वळावें तों आतां अक्षरें पुसट. त्याच्या मनांत एकच विचार येतो, कीं आपले डोळे चालले. त्या दिवसापासून तो दर दहा मिनिटांनीं घड्याळाकडे पाहून आपल्या दृष्टीची परीक्षा घेऊं लागतो.

हा अनुभव आज विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाहीं. हिंजवडीच्या कचेऱ्यांतून दिवसभर संगणकापुढें बसणारीं माणसेंहि तोच सांगतात. बहुतेकांचे डोळे जात नसतात. परंतु काय होत आहे हें न समजल्यामुळें भीति वाढते, भीतीमुळें त्रास वाढतो आणि पुष्कळदां नको असलेला चष्मा नाकावर येऊन बसतो. म्हणून डोळा जवळचें व दूरचें कसें पाहतो, हें प्रथम समजून घेणें अवश्य आहे.

डोळ्याच्या बाहुलीमागें एक लहानसें पारदर्शक भिंग आहे. छायाचित्र काढण्याच्या यंत्रांत भिंग मागेंपुढें सरकवून चित्र ठळक करतात. मनुष्याच्या डोळ्यांतील भिंग मुख्यतः आपला आकार बदलून तेंच काम करतें. इंग्लंडांतील थॉमस यंग या शास्त्रज्ञानें १८०१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत हें दाखवून दिलें. डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याचा या कामाशीं संबंध आहे काय, हें पाहण्यासाठीं त्यानें स्वतःचा डोळा पाण्यांत ठेवून प्रयोग केला. पाण्यामुळें त्या पडद्याची वक्रता जवळजवळ निरुपयोगी होते. तरीहि जवळचें व दूरचें जुळवून घेण्याची शक्ति कायम राहिली. अर्थात् ती शक्ति आंतल्या भिंगाची होती. पुढें १८५५ सालीं जर्मनींतील हेल्महोल्ट्झ यानें ही क्रिया कशी घडते याचा उलगडा केला.

भिंगाभोंवतीं कड्यासारखा एक स्नायु आहे आणि त्या कड्यापासून भिंगाच्या कडेपर्यंत अति सूक्ष्म तंतु गेलेले आहेत. स्नायु सैल असतो तेव्हां तंतु ताठ असतात व भिंग चपटें राहतें. निकोप डोळ्याला या स्थितींत दूरचें स्पष्ट दिसतें. जवळचें पाहतांना स्नायु आंवळला जातो, कडें लहान होतें, तंतु सैल पडतात आणि भिंग आपल्या लवचिकपणानें फुगीर बनतें. सामान्य समजूत अशी, कीं दूरचें पाहण्यास कष्ट पडतात आणि जवळचें सहज दिसतें. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. दूर पाहणें ही डोळ्याची विश्रांति होय आणि जवळ पाहणें हें त्याचें काम होय.

हें काम मोजतांहि येतें. भिंगाची शक्ति डायॉप्टर या मापानें मोजतात. एक मीटरवरील वस्तु पाहण्यास १ डायॉप्टर शक्ति जादा लावावी लागते, ५० सेंटिमीटरवरील वस्तूस २, ३३ सेंटिमीटरवरील वस्तूस ३ आणि २५ सेंटिमीटरवर धरलेल्या मोबाइलास ४. दहा वर्षांच्या मुलापाशीं ही शक्ति सुमारें १२ ते १४ डायॉप्टर असते. वयाबरोबर भिंग ताठर होत जातें. चाळिशीच्या सुमारास ती ४ ते ६ वर येते आणि साठीला जेमतेम १ उरते. चाळिशीनंतर वाचण्याला चष्मा लागतो तो यामुळें, आणि त्यांत ताणाचा दोष नसतो. परंतु पंचविशींतील तरुणापाशीं शक्तीचा तुटवडा नाहीं. त्याची अडचण बहुधा वेगळीच असते. लावलेली शक्ति त्याला वेळेवर सोडतां येत नाहीं.

पाण्यानें भरलेला तांब्या उचलणें कोणालाहि जड नाहीं. तोच तांब्या हात लांब करून अर्धा तास धरला, तर तो खालीं ठेवल्यावरहि बोटें चटकन् उघडत नाहींत. चार चार तास जवळ पाहिलेल्या डोळ्याची अवस्था अशीच होते. नजर घड्याळाकडे गेली तरी स्नायूची पकड मागेंच राहते. भिंग फुगीरच असतें, आणि म्हणून दूरचें धुरकट दिसतें. पकड हळूहळू सुटली म्हणजे कांटे स्पष्ट होतात. कांहींच्या बाबतींत ती तासन्‌तास सुटत नाहीं. मग कपाळ दुखतें, डोळ्यांभोंवतीं ओढल्यासारखें वाटतें, आणि क्वचित् एकाचे दोनहि दिसतात. कारण जवळ पाहतांना भिंग फुगणें, दोन्ही डोळे नाकाकडे वळणें व बाहुल्या लहान होणें या तीन क्रिया एकमेकींस बांधलेल्या आहेत.

येथें मनाचा संबंध येतो. हा स्नायु हाताच्या बोटांसारखा सरळ इच्छेच्या ताब्यांत नाहीं. ‘सैल हो’ असें म्हटल्यानें तो सैल होत नाहीं. परीक्षा, नोकरी किंवा घरची विवंचना यांनीं ग्रासलेल्या तरुणांत ही पकड अधिक आढळते, असा नेत्रवैद्यांचा अनुभव आहे. चिंताग्रस्त मनुष्य नजर हलवीत नाहीं, कामांतून उठत नाहीं, झोंप तोडतो. त्यांतून दृष्टीविषयींच चिंता लागली, म्हणजे तो दूरचें ठळक दिसावें म्हणून जोर लावतो. परंतु या स्नायूला जोर लावण्याचा एकच प्रकार ठाऊक आहे, तो म्हणजे आंवळणें. आणि आंवळल्यानें दूरचें अधिकच पुसट होतें. घड्याळाकडे पुनःपुन्हां पाहून डोळ्यांची परीक्षा घेणारा विद्यार्थी अशा रीतीनें आपला आजार आपणच वाढवीत असतो.

पडद्याचा वांटा दोन प्रकारचा आहे. मोबाइल सामान्यतः पुस्तकापेक्षां जवळ धरला जातो, म्हणून स्नायूस अधिक श्रम पडतात. दुसरें असें, कीं पडद्याकडे पाहतांना पापण्या कमी मिटतात. जपानी संशोधक त्सुबोटा व नाकामोरी यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजणींत माणसें स्वस्थ असतां मिनिटाला सरासरी २२ वेळां, पुस्तक वाचतांना १० वेळां आणि संगणकापुढें अवघ्या ७ वेळां पापण्या मिटवीत असल्याचें आढळलें. पापणी मिटली नाहीं म्हणजे डोळ्यावरील अश्रूंचा पातळ थर वाळतो, आणि वाळलेल्या पृष्ठभागांतून दिसणारें चित्र पुसट येतें. हे दोन पुसटपणे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. दोन-तीनदां पापण्या मिटल्याबरोबर जो जातो तो बहुधा कोरडेपणाचा. कांहीं वेळ दूर पाहिल्यावर जो हळूहळू विरतो तो बहुधा स्नायूचा.

आतां चष्म्याचा प्रश्न. पकड न सुटलेला डोळा तपासला, तर तो लघुदृष्टीचा असल्यासारखा दिसतो. यंत्रहि उणा नंबर दाखवितें, आणि तो नंबर लावतांच दूरचें छान दिसूं लागतें. रुग्ण समाधानानें घरीं जातो. परंतु त्याची लघुदृष्टि खरी नसते. त्या चष्म्यांतून जवळचें पाहतांना स्नायूस पूर्वीपेक्षांहि अधिक आंवळावें लागतें, पकड घट्ट होते, आणि कांहीं महिन्यांनीं नंबर वाढल्याचा भास होतो. कधीं तर मुळांत दोष उलटाच, म्हणजे थोड्या दूरदृष्टीचा असतो. तो झांकण्यासाठींच स्नायु सतत राबत असतो. अशा डोळ्याला उणा चष्मा देणें म्हणजे थकलेल्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक गोणी ठेवणें होय.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. स्नायूस कांहीं काळ सैल करणारे थेंब डोळ्यांत घालून नंबर तपासला, म्हणजे खरें काय तें उघड होतें. या थेंबांनंतर कांहीं तास, कधीं एक दिवसपर्यंत, वाचतां येत नाहीं व उजेड खुपतो. म्हणून तपासणी परीक्षेच्या आदल्या दिवशीं ठेवूं नये. सर्वांनाच हे थेंब चालतात असें नाहीं. तो निर्णय नेत्रवैद्याचा. परंतु ज्याला घटकेंत स्पष्ट व घटकेंत पुसट दिसतें, किंवा ज्याचा नंबर दर तपासणींत निराळा येतो, त्यानें थेंब घालून तपासणी करावी काय, हें वैद्यास अवश्य विचारावें.

येथें दोन मोहांपासून सावध राहिलें पाहिजे. अमेरिकेंतील विल्यम बेट्स यानें १९२० सालीं एक पुस्तक लिहून दृष्टीचे बहुतेक सर्व दोष मनाच्या ताणानें होतात व व्यायामानें चष्मे सुटतात, असें प्रतिपादन केलें. ताण डोळ्यास त्रास देतो, एवढा त्यांतील अंश खरा. परंतु खरी लघुदृष्टि डोळ्याचा गोल लांबल्यामुळें होते आणि ती व्यायामानें जात नाहीं. दुसरा मोह निळा प्रकाश अडविणाऱ्या कांचांचा. २०२३ सालीं कॉक्रेन संस्थेनें १७ प्रयोगांचा आढावा घेतला. साध्या कांचांच्या तुलनेनें या कांचांनीं संगणकावरील कामाचा थकवा बहुधा कमी होत नाहीं, असाच त्याचा निष्कर्ष निघाला.

खरे उपाय साधे व बिनखर्चाचे आहेत. संगणकाचा पडदा हातभर अंतरावर व डोळ्यांच्या पातळीपेक्षां किंचित् खालीं असावा. मोबाइल वाचावयाचाच असेल तर अक्षरें मोठीं करून तो लांब धरावा. दीर्घ वाचन छापील पानावर किंवा मोठ्या पडद्यावर करावें. दर वीस मिनिटांनीं वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावें, असा एक सुटसुटीत नियम नेत्रवैद्य सांगतात. त्या वेळीं कांहीं वाचण्याचा यत्न करूं नये. झाडाच्या शेंड्याकडे किंवा आकाशाकडे नजर नुसती टेंकूं द्यावी. पापण्या पुरत्या मिटाव्या, पंख्याचा झोत तोंडावर घेऊं नये. झोंप हा तर डोळ्याचा मुख्य आहार आहे. सदाशिव पेठेंतील विद्यार्थ्याला पर्वतीची टेंकडी दूर नाहीं. रोज सायंकाळीं अर्धा तास वर जाऊन क्षितिज न्याहाळल्यानें तिसऱ्या प्रहरीं वाया जाणारे दोन तास वांचतील. एवढें करूनहि पकड सुटत नसेल, तर नेत्रवैद्याच्या देखरेखीखालीं वाचनापुरता चष्मा, थेंब किंवा जवळ-दूर नजर फिरविण्याचे व्यायाम यांचा उपयोग होतो.

मात्र प्रत्येक पुसटपणा ताणाच्या माथीं मारूं नये. एकाच डोळ्यानें एकाएकीं कमी दिसूं लागणें, डोळ्यापुढें पडदा आल्यासारखें वाटणें, विजेसारखे चमकारे व काळ्या ठिपक्यांचा वर्षाव, डोळा लाल होऊन तीव्र दुखणें, एकदम दोन दोन दिसणें, किंवा डोकेदुखीबरोबर एक बाहुली मोठी झालेली दिसणें, यांपैकीं कांहींहि झालें तर त्याच दिवशीं वैद्याकडे जावें. मधुमेह असलेल्यांनीं दृष्टींतील चढउतार अंगावर काढूं नये.

अभ्यासिकेंतील त्या विद्यार्थ्याला घड्याळाचे कांटे धुरकट दिसले, तेव्हां त्याचा डोळा अपंग झाला नव्हता. तो अद्याप पुस्तकच पाहत होता. त्यानें घाबरून घड्याळाशीं झुंज घेण्याचें कारण नाहीं. पुस्तक मिटावें, उठून खिडकीशीं जावें आणि समोरच्या पिंपळाकडे थोडा वेळ उगीच पाहत राहावें. स्नायु आपली मूठ आपणच सोडील. आणि मागें वळून पाहिलें असतां किती वाजले, तें बहुधा स्पष्ट दिसेल.