शिकवणी, परीक्षा आणि कामगाराचे मूल

आमच्या लहानपणी शिकवणीला जाणे ही काहीशी लपवून ठेवण्याची गोष्ट असे. ज्याला वर्गात समजत नाही, जो गणितात मागे पडला आहे, त्याने संध्याकाळी वही घेऊन मास्तरांच्या घरी जावे आणि त्याचा फारसा बोभाटा करू नये, असा रिवाज होता. आज औरंगपुऱ्यात सायंकाळी उभे राहून पाहावे. शाळा सुटलेली मुले घरी न जाता थेट क्लासकडे वळतात, आणि जे मूल वळत नाही त्यालाच आता लोक विचारतात, "का रे, पैशाची अडचण आहे काय?" पूर्वी शिकवणी कच्च्या मुलाची होती, आता ती सर्वांची झाली, आणि नेमके ज्या कच्च्या मुलासाठी ती निघाली त्याचीच तिच्यात सोय उरली नाही. या एका गोष्टीचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

कामगार चळवळीतील माणसांनी या विषयावर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. वाळूज आणि चिकलठाणा या दोन्ही वसाहतींत कामगाराच्या घरचा हिशेब मांडावयास बसले की घराचा हप्ता, किराणा आणि मग लगेच मुलांचा क्लास येतो. ओव्हरटाइमचा पैसा कोठे जातो, हे आम्हांला सभासदांच्या तोंडून ठाऊक आहे. बाप चार तास जादा उभा राहतो आणि ते चार तास मुलाच्या फीमध्ये जमा होतात. असे असूनही दहावीच्या गणितात मुलगा अडला, की आयटीआयची वाट अडते, शिकाऊ उमेदवारी अडते, आणि दोन वर्षांनी तोच मुलगा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आम्हांला भेटतो. कायम आणि कंत्राटी यांतील अंतर एकाच मशीनवर उभे असलेल्या दोन माणसांच्या पगारात केवढे असते, ते ज्याने पाहिले आहे त्याला अपूर्णांकांच्या बेरजेचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

औरंगपुऱ्याला या प्रश्नाची ओळख जुनीच आहे. सरस्वती भुवन ही संस्था १९१५ साली तेव्हाच्या औरंगाबादेत उभी राहिली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१८ साली, हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला भूमितीचा सिद्धान्त समजण्यापूर्वी त्या सिद्धान्ताची भाषा शिकावी लागे. उर्दूत वाईट काहीच नव्हते. पण गणिताच्या ओझ्यावर भाषेचे ओझे पडले, आणि ते गरिबाच्या मुलाने कोणाच्याही मदतीवाचून उचलावयाचे होते.

ते राज्य १९४८ साली गेले. अडचण मात्र दुसऱ्या वेषात घरी आली आहे. आज पुष्कळशा मराठी शाळांत सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पाचवीपर्यंत ज्याने 'छेद' आणि 'अंश' म्हटले, त्याच्यापुढे एके दिवशी 'डिनॉमिनेटर' आणि 'न्यूमरेटर' येतात. हे दोन्ही एकच आहेत, एवढे एक वाक्य सांगणारा माणूस घरात नसतो. मूल गप्प बसते. आपल्याला गणित येत नाही असे ते समजू लागते. वस्तुतः त्याला फक्त नाव कळलेले नसते. इंग्रजीचा हट्ट धरू नये असे आम्ही म्हणत नाही, कारण पुढचे जग इंग्रजीत आहे हे कामगारही जाणतो. परंतु शिकवणीचे पहिले काम हे दोन नावांचे लग्न लावून देण्याचे आहे. दर धड्याला दहा-पंधरा शब्दांची दोन रकान्यांची वही मुलाने स्वतः केली, तर त्याची निम्मी भीती तेथेच जाते.

दुसरे काम पायरी शोधण्याचे. नववीतल्या मुलाला नववीचेच शिकवावे असे सर्वांना वाटते. आम्ही कामगार वस्तीतल्या अभ्यासिकेत मुले घेऊन बसतो तेव्हा पुस्तक बाजूला ठेवतो आणि कागदावर एकच बेरीज लिहून देतो: अर्धा अधिक एक तृतीयांश. पुष्कळ मुले वरचे वर मिळवतात, खालचे खाली मिळवतात आणि दोन पंचमांश असे उत्तर लिहितात. चूक आहे असे सांगून उपयोग नसतो. त्याला विचारावे, की अर्धी भाकरी ताटात आहे, आईने आणखी एक तृतीयांश वाढली, आता ताटात अर्ध्याहून कमी भाकरी कशी झाली? मूल हसते, मग थांबते, आणि तेथून पुढे खरा अभ्यास सुरू होतो. दोन्ही तुकडे सहा भागांत मोजले की तीन आणि दोन मिळून पाच षष्ठांश होतात, हे त्याला मग पाठ करावे लागत नाही. ज्याचा हा पाया कच्चा आहे त्याच्यापुढे बीजगणिताची समीकरणे कितीही वेगाने सोडवून दाखवली, तरी ती वाहत्या पाण्यावरची अक्षरे.

असे मागे सरकून शिकवण्याने काय साधते, याची कसोटी आपल्या मुंबईतच घेतली गेली आहे. या शतकाच्या आरंभी 'प्रथम' या संस्थेच्या 'बालसखी' योजनेची मुंबई व बडोदा येथील महापालिका शाळांत शास्त्रीय पाहणी झाली. वस्तीतलीच, शालेय शिक्षण झालेली तरुण मुलगी, मागे पडलेली पंधरा-वीस मुले आणि रोज सुमारे दोन तास, एवढाच तो संसार. ती मुलांना वाचन आणि अंक यांचा पायाच पुन्हा शिकवी. पाहणीचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला: मुलांची प्रगती स्पष्ट होती, आणि सर्वांत अधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांचा झाला. योजना थांबल्यावर वर्षभराने त्यातला बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच पाहणीने नोंदले आहे. तेव्हा हे काम एका उन्हाळ्याचे नव्हे. पाहणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आम्हांला त्या नोबेलपेक्षा त्या बालसखीचे अधिक कौतुक वाटते. तिच्याजवळ पदवी नव्हती, वातानुकूलित खोली नव्हती. मूल कोठे अडले आहे ते तिला दिसत होते, कारण ती त्याच्या शेजारी बसली होती.

हिशेबाचे पुस्तक तर कामगाराच्या खिशातच असते. ते म्हणजे पगाराची स्लिप. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून पंधरा हजार असतील, तर बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी किती? अठराशे. आठ तासांची हजेरी सहाशे रुपये, तर तासाला पंचाहत्तर. जादा कामाला दुप्पट दर, म्हणून तीन तासांचे साडेचारशे. शेकडेवारी, त्रैराशिक, गुणोत्तर, सारे या एका कागदावर आहे. सातवी-आठवीच्या मुलाने बापाची स्लिप तपासून दाखवावी, असा आमचा आग्रह असतो. त्यात मुलाचे गणित सुधारते आणि कधीमधी कंत्राटदाराचेही.

आता परीक्षेकडे वळू. परीक्षेची तयारी म्हणजे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अपुरी आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासून, मग कागद मिटून, आठवेल ते तीन वेळा लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. वाचताना सारे ओळखीचे वाटते, आणि ओळख म्हणजे ज्ञान असा मुलाचा गैरसमज होतो. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहावे, मग पुस्तक उघडून ताडून पाहावे, आणि चुकले ते वेगळ्या वहीत उतरवावे. या उपायाला दमडी लागत नाही.

दहावीच्या पेपराचा तर साधा हिशेब आहे. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, भूमितीचा ४० गुणांचा, प्रत्येकी दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. चार गुणांच्या उदाहरणाला बारा. घड्याळ लावून घरी पाच-सहा जुने पेपर सोडवले, की कोणत्या प्रश्नावर आपण वीस मिनिटे घालवतो ते मुलाला आपोआप कळते. मंडळाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. उत्तर चुकले तरी रीत लिहिलेली असेल तर सगळे बुडत नाही. आमच्या वस्तीतील मुले नेमकी येथे मार खातात. त्यांना उत्तर तोंडी येते, पण ते लिहिण्याची सवय नसते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचे शास्त्र निराळे: १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीला एक वजा. तेथे रीत कोणी पाहत नाही. एकाच क्लासने आठवीपासून दोन्ही गोष्टी साधून देतो म्हटले, तर त्याला थोडे खोदून विचारावे.

येथे लातूरचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतून जो 'लातूर पॅटर्न' प्रसिद्ध झाला, त्याचा गाभा आमच्या मते आदराने पाहण्यासारखा आहे. अभ्यासक्रम वेळेआधी संपवावयाचा, सुटीतही तास घ्यावयाचे, एकामागून एक सराव परीक्षा घ्यावयाच्या आणि तपासलेले पेपर चुका दाखवून परत द्यावयाचे. मराठवाड्याच्या खेड्यातले मूल पुण्या-मुंबईच्या मुलाच्या बरोबरीने उभे राहू शकते, हे त्या शिक्षकांनी सिद्ध केले. पण पुढे पॅटर्नचे दुकान झाले आणि चौकाचौकांत फलक लागले. त्या फलकांवर अंश असतो, छेद नसतो. अमुक मुले डॉक्टर झाली असे लिहिलेले असते. किती मुलांनी फी भरली होती आणि किती मध्येच सोडून गेली, ते लिहिलेले नसते. मालक लोक नफ्याचा आकडा सांगताना जी कला वापरतात, तीच ही कला. आम्ही तिला ओळखून आहोत.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये क्लाससंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलास प्रवेश देऊ नये, गुणांची वा क्रमांकाची हमी देऊ नये, दिवसास पाच तासांहून अधिक शिकवू नये, आणि मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत सांगितले आहे. त्या सूचना आहेत, कायदा नव्हे. तरीही पालकांनी फी भरताना पावती आणि परताव्याची अट लेखी मागावी. एकटा बाप मागेल तर त्याला हसतील. वस्तीतले पंधरा बाप मिळून गेले तर कागद मिळतो. संघटनेचा अर्थ याहून निराळा काय असतो?

परंतु बहुतेक कामगारांची अडचण क्लासच्याही अलीकडची आहे. एका खोलीत पाच माणसे. बाप रात्रपाळीवरून येऊन दिवसा झोपलेला. संध्याकाळी टीव्ही, आणि वर हातातला मोबाईल. मुलाने बसावे कोठे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत एकाच खोलीत वाढले. ते लवकर झोपत, वडील जागे राहत आणि पहाटे दोनच्या सुमारास त्यांना अभ्यासास उठवीत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. ते १९०७ साली मॅट्रिक झाले, आणि १९५० साली त्यांनीच याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढले. परंतु प्रत्येक मुलाने पहाटे दोनला उठून आंबेडकर व्हावे, अशी अपेक्षा करणे हे समाजाने आपले काम मुलाच्या डोक्यावर टाकणे होय. शंभर मुलांसाठी एक शांत खोली आणि चार दिवे देणे हे काही अवघड नाही.

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा काढली ती दिवसा राबणाऱ्यांसाठी. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. औरंगपुऱ्यात फुल्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या आमच्यासारख्या लोकांनी त्या रविवारातले दोन तास मुलांना द्यावेत, एवढीच आमची मागणी आहे. समाजमंदिराची खोली असते, गणपती मंडळाची असते. बारावी झालेला एखादा मुलगा, एखादी मुलगी मिळते. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न पाडता पायरीप्रमाणे पाडावेत. आठवीतला मुलगा सहावीतल्या मुलीशेजारी बसला तर आकाश कोसळत नाही. मोठ्याने वाचन, एक उदाहरण फळ्यावर, मग वीस मिनिटे पूर्ण शांतता आणि प्रत्येकाचा आपला कागद.

त्याच खोलीत आठवीच्या मुलांकडून एका परीक्षेची तयारी अवश्य करून घ्यावी. आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, जिला शाळांत एनएमएमएस म्हणतात. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांना ती देता येते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे तिचे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्नांचे. आमच्या किती सभासदांना हे नाव माहीत असेल, असा प्रश्न आम्ही सभेत विचारतो तेव्हा थोडेच हात वर येतात. ज्यांची मुले अनुदानित शाळेत आहेत त्यांनी मुख्याध्यापकांकडे अर्जाची तारीख विचारावी. शाळेने विसरले असेल तर आठवण द्यावी.

आणि ज्या बापाचे किंवा आईचे स्वतःचेच शिक्षण अर्धे राहिले असेल, त्यांनी मुलाच्या शेजारी बसण्यास संकोचू नये. सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते, आणि एखादा विषय राहिलाच तर निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा असते. वाळूजच्या एका वस्तीत आई आणि मुलगी एकाच वहीत दोन रकाने पाडून शब्द लिहितात, असे आम्ही पाहिले आहे. डावीकडे छेद, उजवीकडे डिनॉमिनेटर. डावीकडचे अक्षर आईचे आहे.