आडनाव मर्फी? मग शिष्यवृत्ती आहे

तुमचं आडनाव मर्फी असेल, तर हार्वर्ड विद्यापीठात तुमच्यासाठी पैसे ठेवलेले आहेत. १८८५ च्या तुकडीतल्या विल्यम मर्फी यांनी मृत्युपत्रात तशी सोयच करून ठेवली. शिकागोच्या लोयोला विद्यापीठात झोल्प आडनावाच्या कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी एक निधी आहे. पेनसिल्व्हेनियातल्या जुनिआटा कॉलेजात डावखुऱ्यांना शिष्यवृत्ती मिळते. का? तर १९१९ साली टेनिसच्या वर्गात एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही डावखुरी म्हणून, जोडीदार झाली आणि पुढे त्यांनी लग्न केलं!

ही माणसं कधीच गेली, पण कोणाला पैसे मिळावेत हे अजून तीच ठरवतात. दिलेल्या रकमेच्या मुद्दलाला शक्यतो हात लावायचा नाही, ती गुंतवायची आणि निधीच्या चार-पाच टक्क्यांएवढी रक्कम दरवर्षी वाटायची, असा अमेरिकी विद्यापीठांचा साधारण रिवाज. त्यामुळे निधी संपत नाही आणि त्याला चिकटलेली अटही संपत नाही.

मग हार्वर्डमधल्या मर्फीची चांदीच म्हणायची? इथेच खरी गंमत आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना हार्वर्ड फक्त गरज पाहून मदत देतं. गुणांसाठी वेगळं बक्षीस नाही. आधी घरचं उत्पन्न, मालमत्ता, भावंडांची शिक्षणं पाहून मदतीचा आकडा ठरतो. तो ठरल्यावर कार्यालय हजारो निधींच्या अटी चाळतं आणि वधूवरसूचक मंडळाने स्थळं जुळवावीत तसा विद्यार्थी आणि निधी जुळवतं. मर्फीला मर्फीच्या निधीतून पैसे येतात, शेजारच्या खोलीतल्या मुलाला आणखी कोणाच्या. आडनावामुळे रकमेत फरक पडत नाही, फक्त ती कोणाच्या खात्यातून यायची ते बदलतं. देणाऱ्याचा शब्द पाळला गेला आणि कोणावर अन्यायही झाला नाही. हिशेबनिसाची ही हुशारी मला तरी कवितेहून कमी वाटत नाही.

ऑक्सफर्डमधल्या शिक्षणासाठी ऱ्होड्स शिष्यवृत्ती ठेवणाऱ्या सेसिल ऱ्होड्सने मात्र निवडीची पद्धतसुद्धा लिहून ठेवली होती. १९०२ मध्ये तो वारला. त्याच्या मृत्युपत्रात चार कसोट्या होत्या: विद्वत्ता, मैदानी खेळ, सचोटी-धैर्यासारखे गुण आणि नेतृत्व. विद्वत्तेचे गुण परीक्षेने द्यायचे, नेतृत्वाचे मुख्याध्यापकांनी. आणि खेळ व स्वभाव यांचे? वर्गमित्रांनी मतदान करून! ते मतदान आता इतिहासजमा झालं. निबंध, शिफारसपत्रं आणि मुलाखत यांवर निवड होते. मृत्युपत्रात शिष्यवृत्ती पुरुषांनाच होती. मुलींना दार उघडायला १९७७ उजाडलं, तेही ब्रिटनमधल्या कायद्याच्या आधाराने.

आपल्याकडची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती याच्या अगदी उलट टोकाला. मॅट्रिकला संस्कृतात जो पहिला येई, त्याला ती मिळे. निबंध नाही, मुलाखत नाही. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. ते पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही त्यांनी केला. एका विषयाच्या गुणांवर केलेली निवड इतकी अचूक ठरावी, याचं नवल वाटतं. अर्थात हुशार पण दुसऱ्या आलेल्या मुलांची आठवण कोण ठेवतो?

काही अटी मात्र काळाबरोबर कुजतात. कोलंबिया विद्यापीठाकडे १९२० चा एक निधी होता: आयोवा राज्यातल्या गोऱ्यांसाठीच, आणि त्यांनी कायदा, वैद्यक, धर्मशास्त्र असले विषय घ्यायचे नाहीत. विद्यापीठाला अट मनाने खोडता येत नाही. म्हणून २०१३ मध्ये ती काढून टाकण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

तेव्हा आईवडिलांच्या नावाने कॉलेजात ठेव ठेवणार असाल, तर अटी जरूर घाला. पण खाली एक ओळ लिहायला विसरू नका: असा विद्यार्थी न मिळाल्यास कॉलेजने दुसऱ्या कोणा गरजूला ही रक्कम द्यावी.