भुशाचा पाइप तुंबला तर

कळंबोली म्हटले की लोखंडाचा बाजार आठवतो. पण पनवेल परिसरात प्लायवूड, एमडीएफ आणि सागवानाचे काम करणारे कारागीर बांधवही आहेत. रंधा मशीन व करवतीचा भुसा ओढण्यासाठी पुष्कळ ठिकाणी ब्लोअर असतो. तो चालतो तोवर कोणी त्याकडे बघत नाही. पावसाळ्यात मात्र दमट भुसा पाइपात बसू लागतो आणि एके दिवशी गाळ्यात धूळच धूळ होते.

अशा वेळी पहिल्यांदा पाइपात गज खुपसला जातो. ही चूक आहे. आधी तुंबले कुठे ते पाहावे. मेन स्विच बंद करून पाइप ब्लोअरच्या तोंडापासून सोडवावा. मग क्षणभर ब्लोअर चालवून, लांब काठीला बांधलेली कापडाची पट्टी तोंडासमोर धरावी. हात जवळ नेऊ नये. पट्टी जोरात ओढली गेली तर दोष पाइपात आहे. ओढ कमी असेल तर पिशवी धुळीने बंद झाली आहे किंवा पंख्यात ढलपी अडकली आहे. वायरमनचे काम नुकतेच झाले असेल तर मोटर कुठल्या दिशेने फिरते तेही पाहावे. तीन फेजपैकी दोन वायरी बदलल्या की ती उलटी फिरते. उलटा पंखाही थोडी हवा ओढतोच, म्हणून हा दोष लवकर ध्यानात येत नाही.

पाइपातला बोळा बहुधा कोपऱ्यात किंवा लोंबणाऱ्या लवचिक पाइपात असतो. बाहेरून हलके ठोकत जावे; भरलेल्या जागी आवाज बद्द येतो. तेवढा तुकडा सोडवून भुसा घमेल्यात काढावा. पंख्यात हात घालायचा असल्यास फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. पिशवी झटकताना चांगला मास्क लावावा, रुमाल बारीक धूळ अडवत नाही. लाकडाच्या धुळीने नाकाचा कॅन्सर होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली नमूद केले आहे.

त्याच जागी पुन्हा तुंबत असेल तर हवेचा वेग कमी पडतो आहे. भुसा वाहून नेण्यास सेकंदाला सुमारे २० मीटर वेग लागतो. सगळ्या मशीनची तोंडे एकदम उघडी राहिली की प्रत्येक फाट्यातला वेग घटतो. बंद मशीनची झडप लावून ठेवावी.

एकाच गाळ्यात लोखंडाचेही काम असेल तर ग्राइंडर या पाइपाला कधीही जोडू नये. ओढली गेलेली ठिणगी पिशवीतल्या भुशात तासन्‌तास धुमसते आणि गाळ्याला कुलूप लावून सगळे गेल्यावर पेट घेते. रोज संध्याकाळी पिशवी रिकामी करून भुसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, गाळ्याबाहेर ठेवावा.