दर्याची हद्द आणि जाळ्याचा आस

शेताच्या बांधावरून दोन सख्ख्या भावांत माजलेली तेढ मोजणीदार येऊन हद्दीचे दगड रोवून गेला म्हणजे निदान कागदोपत्री तरी मिटते. परंतु ज्या दर्यात दगड रोवता येत नाही, ज्याचा सातबारा कोणाच्याच नावे नाही आणि ज्यातील काल दिसलेला मासळीचा थवा आज कोठे असेल हे जाणता तांडेलही छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्या दर्यावर पिढ्यानपिढ्या जाळी टाकणाऱ्या माणसांचे तंटे कोणत्या मापाने सोडवावेत, हा प्रश्न महाराष्ट्र शासनापुढे चार दशकांहून अधिक काळ उभा आहे. कृष्णाकाठच्या सांगलीतील, विश्रामबागेतील वाचकाला तो परका वाटणे स्वाभाविक होय. रत्नागिरीचे बंदर येथून रस्त्याने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, मध्ये सह्याद्रीचा घाट. आणि मासेमारीच्या कायद्याशी आपला संबंध येतो तो फार तर जून-जुलैत सुरमई व पापलेट दुर्मीळ होऊन बाजारात कटला, रोहू आणि सुके बोंबील यांचे राज्य सुरू झाल्यावरच. तथापि या टंचाईमागे केवळ पावसाळी वादळ नसून एक सविस्तर कायदा उभा आहे, आणि त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम अखत्याराचा प्रश्न. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, एवढा पट्टा देशाचे प्रादेशिक जलक्षेत्र मानला जातो. त्यातील मासेमारीचे नियमन राज्याकडे आणि त्यापलीकडील, 200 सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियमन केंद्राकडे, अशी घटनेने वाटणी केलेली आहे. इंग्रजी अमदानीतील 1897 च्या मत्स्यव्यवसाय अधिनियमाने सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास मनाई केली होती, आणि ती मनाई नदीलाही लागू होती. परंतु जाळ्याजाळ्यांतील तंट्यावर त्या कायद्यात पुरेसा तोडगा नव्हता. स्वातंत्र्योत्तर काळात यंत्रनौका आणि ट्रॉलर वाढले, किनाऱ्यालगत वल्ह्या-शिडाच्या होड्यांशी त्यांचे खटके उडू लागले, तेव्हा केंद्राने 1976 साली समिती नेमली, 1979 साली कायद्याचा नमुना राज्यांकडे धाडला, आणि केरळ व गोव्यापाठोपाठ महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम संमत केला. मासळीचे संवर्धन, समुद्रावरील शांतता व सुव्यवस्था, आणि मासेमारी करणाऱ्या निरनिराळ्या वर्गांच्या, विशेषतः पारंपरिक होड्या वापरणाऱ्यांच्या, हिताचे रक्षण या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र गुंफलेल्या आहेत. म्हणून हा कायदा जितका माशांचा, तितकाच माणसांचा आहे.

तंटा कशावरून, हे कळण्यासाठी जाळी पाहिली पाहिजेत. मालवणच्या किनाऱ्यावरची रापण घ्या : जाळ्याचे एक टोक वाळूवर ठेवून होडी अर्धवर्तुळाकार फेरा घालते, दुसरे टोक काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून ते जाळे ओढीत आणतात, मिळालेल्या मासळीचे ठरल्या रिवाजाने वाटे पडतात. उत्तर कोकणातील डोल जाळे याहून निराळे. ते भरती-ओहोटीच्या धारेत खुंटांना किंवा नांगराला बांधून ठेवलेले असते. मुखाकडील आस (विणीतील भोके) मोठे, शेपटाकडे लहान होत जाणारे. धारेबरोबर बोंबील व जवळा त्यात शिरतो आणि अखेरच्या खोळीत साठतो. या दोन्ही जाळ्यांना मासा आपल्या पायाने येईपर्यंत वाट पाहावी लागते. याउलट ट्रॉलर तळ खरवडीत जाळे ओढीत नेतो, आणि पर्ससीन तर थव्याचा माग काढून त्याच्याभोवती वेढा घालते : जाळ्याच्या तळकाठाला कड्या, कड्यांतून ओवलेला दोर, तो यंत्राने खेचला की तळ आवळला जातो आणि बांगड्याचा किंवा तारलीचा सबंध थवा एका वेढ्यात हाती लागतो. किनाऱ्याकडे येणारा थवा असा वाटेतच अडवला गेला म्हणजे रापणीत काय यावे, हाच मालवणच्या रापणकाराचा सवाल आहे, आणि आपल्या वाट्याला आलेल्या स्थितीला त्याने ‘मत्स्यदुष्काळ’ असे नाव दिले आहे.

कायद्याने या सवालाला तीन अंगांनी उत्तर देऊ केले. पहिले अंग जागेचे : यांत्रिक ट्रॉलरला किनाऱ्यालगतच्या पाच किंवा दहा वाव खोलीच्या आतील पाणी वर्ज्य. दुसरे काळाचे : पूर्वी महाराष्ट्रात 10 जून ते 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतील जे आधी येईल तोवर यंत्रनौका बंद असत, 2015 पासून केंद्राने सबंध पश्चिम किनाऱ्यासाठी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मुदत घालून दिली. बिगरयांत्रिक होड्यांना या बंदीतून सूट आहे. तिसरे अंग जाळ्याच्या आसाचे, आणि त्यात खरी मेख आहे. ट्रॉल जाळ्याच्या शेपटाकडील आस 35 मिलिमीटरहून लहान नसावा असा दंडक झाला, परंतु शंकरपाळी आकाराचा आस ताण पडताच मिटतो, आणि कागदावर कायदेशीर असलेले जाळे पाण्यात गाळणीसारखे वागू लागते. म्हणूनच ताणाखालीही उघडा राहणाऱ्या चौकोनी आसाचा आग्रह मत्स्यशास्त्रज्ञांनी धरला.

पर्ससीनचा स्वतंत्र निवाडा राज्याने 5 फेब्रुवारी 2016 च्या हुकुमाने केला. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे या जाळ्याचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवण्यात आला. लांबी 500 मीटर, उंची 40 मीटर आणि आस किमान 25 मिलिमीटर अशी मापे ठरली. आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत उतरवावयाचे ठरले. पर्ससीनधारकांचेही म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. कर्ज काढून बांधलेल्या नौकेला वर्षातून चारच महिने धंदा, आणि परराज्यांतील मोठ्या नौका मात्र आपल्या हद्दीत घुसून मासळी लुटून नेतात, ही त्यांची फिर्याद आजही ऐकू येते. परंतु केरळच्या अशाच मनाईविरुद्धचा वाद गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाने ती मनाई उचलून धरली होती. सबंध जगाची दिशाही हीच आहे : अडीच किलोमीटरहून लांब तरंगत्या जाळ्यांना खुल्या महासागरात थारा देऊ नये, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी 1991 साली केला. आपल्याकडे प्रखर एलईडी दिव्यांनी थवे ओढून घेण्याच्या पद्धतीवर केंद्राने 2017 साली आपल्या क्षेत्रात बंदी घातली.

अंमलबजावणी हे या कायद्याचे दुबळे अंग राहिले. मूळ अधिनियमान्वये कसूरदारावरील प्रकरण तहसीलदारापुढे चाले. महसुलाच्या आणि निवडणुकांच्या कामांत बुडालेल्या त्या अधिकाऱ्याला दर्यावरच्या गुन्ह्यासाठी सवड मिळणे कठीण, आणि झालेला दंड एका दिवसाच्या मासळीतून सहज भरून निघे. 2021 च्या सुधारणेने हा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे दिला, आणि विनापरवाना पर्ससीनला 1 ते 6 लाख, तर एलईडी मासेमारीला 5 ते 20 लाख रुपये दंडाची तरतूद केली. जानेवारी 2025 पासून गस्ती नौकांच्या जोडीला ड्रोनही किनाऱ्यावर टेहळणी करू लागले आहेत. तरीही रात्रीच्या अंधारात कोणाचे जाळे किती वाव पाण्यात पडले, हे सिद्ध करणे दुष्करच.

या अडचणीतून वाट काढणारा नियम 2023 साली आला, आणि घाटमाथ्यावरील आपल्यासारख्यांना जवळचा वाटावा तो हाच. राज्याने मासळीच्या 54 जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी राज्यमासा म्हणून गौरवलेल्या चंदेरी पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर, बोंबलासाठी 180 मिलिमीटर. येथे पुराव्यासाठी समुद्रात जावे लागत नाही. मासा टोपलीत पडलेला असतो आणि पट्टी कोणालाही लावता येते. परंतु अल्पवयीन मासळीचा मोठा वाटा आपल्या टोपलीपर्यंत पोहोचतच नाही. बंदरावर तिला ‘कुटी’ म्हणतात. सुकवून, दळून तिची भुकटी होते आणि ती कोळंबीच्या व कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे ज्याने आयुष्यात मासा चाखला नाही, असा मिरज-सांगलीकडील अंडी खाणारा गृहस्थही अजाणता या व्यवहाराचा गिऱ्हाईक असू शकतो. लहान आसाचे जाळे फायद्याचे ठरते ते या कुटीला किंमत येते म्हणूनच; आणि जोवर ही खरेदी परवान्याच्या, मोजमापाच्या आणि हिशेबाच्या कक्षेत तितक्याच काटेकोरपणे येत नाही, तोवर दर्यावरच्या दंडाची रक्कम कितीही वाढवली तरी तो आस पुन्हापुन्हा लहानच होत राहील.