विश्लेषण : साप चावल्यावर रुग्ण आधी भगताकडे का जातो?

भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे प्रमाण वाढते. मात्र अनेक पाड्यांवर रुग्ण रुग्णालयाआधी भगताकडे नेला जातो. असे का होते आणि त्यावर उपाय काय?

भगतावर विश्वास का?

भगत गावातच राहतो, अपरात्रीही दार उघडतो आणि रुग्णाच्याच बोलीत बोलतो. रुग्णालय दूर असते, रात्री वाहन मिळेलच असे नाही. शिवाय त्याच्याकडे गेलेले बरेच रुग्ण बरेही होतात.

ते बरे कसे होतात?

बहुतांश साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असा रुग्ण उपचाराविनाही बरा होतो, श्रेय मात्र मंत्राला मिळते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनले, तर हा विश्वास जिवावर बेततो. मण्यारचा दंश अनेकदा जाणवतही नाही. आधी पोट दुखते, मग पापण्या जड होतात आणि अखेर श्वास थांबतो.

खरा उपचार कोणता?

प्रतिसर्पविष. घोड्यांना विषाची अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून ते तयार करतात. ते जितके लवकर मिळेल तितका उपयोग अधिक.

मग वनौषधी निरुपयोगी?

नाही. सर्पगंधा पूर्वापार सर्पदंशावरही दिली जाई. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या परिणामाचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. पुढे तिच्यापासून रेसरपिन हे औषध मिळाले. मुळी खरीच गुणकारी होती, पण वेगळ्या आजारावर. हे कळले ते तपासणीमुळे.

भगताचे काय करायचे?

त्याला हिणवले, तर लोक रुग्ण लपवतात. मेळघाटात भूमकांना सोबत घेऊन रुग्ण रुग्णालयात आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. भगताचा शब्द गावात चालतो. ‘आधी दवाखाना’ हे त्याने सांगितले, तर अमूल्य वेळ वाचेल. सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचे केंद्राच्या २०२४च्या राष्ट्रीय कृती आराखड्याचे उद्दिष्ट आहे. मात्र रुग्ण पोहोचेल तेव्हा आरोग्य केंद्रात लस आणि डॉक्टर दोन्ही हवेत. नाहीतर पुढच्या वेळी पावले पुन्हा भगताकडेच वळतील.

दंश झाल्यास काय करावे?

रुग्णाला धीर द्या, चालवू नका. दंश झालेला अवयव हलू देऊ नका. अंगठी, बांगड्या काढा. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. १०८ क्रमांकावर फोन करा.